पासवर्ड चालत नाही, म्हणून कुलूपच काढायचे काय?

कुलूप-किल्लीचे महत्त्व आपल्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही. हिंगोलीच्या बाजारात रात्री शटर ओढल्यावर कुलूप दोनदा हिसकून पाहिल्याशिवाय कोणी घरची वाट धरत नाही. गल्ल्याची किल्ली कोणाकडे, गोदामाची कोणाकडे, हे नव्या नोकराला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. परंतु ज्या खतावणीत वर्षभराची उधारी, येणे-देणे आणि गिऱ्हाइकाची अमानत लिहिलेली असते, ती खतावणी आता संगणकात गेली आहे. तिथल्या कुलपाशी मात्र आपले वागणे अगदी उलटे आहे. किल्ली लागली नाही की आपण सरळ कुलूपच काढून फेकतो. हे आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक आधी आमच्याच हातून झाली आहे, म्हणून लिहीत आहोत.

आमचा व्यवसाय छपाईचा. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानांची हँडबिले. छापखान्यात तीन संगणक. एक गल्ल्यावर, एक मराठी टायपिंगचा आणि एक जुना, विंडोज एक्सपीचा, ज्यावर उर्दू पत्रिका इनपेजमध्ये तयार होत. पेन ड्राइव्हची पळापळ नको म्हणून आम्ही सर्व मजकूर एका ठिकाणी ठेवणारी डिस्कची पेटी विकत घेतली. तिलाच सर्व्हर म्हणायचे. दोन नवे संगणक तिला लगेच जोडले गेले. जुन्या एक्सपीवर मात्र पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. पासवर्ड बरोबर होता. तोच पासवर्ड शेजारच्या संगणकावर चालत होता. लग्नसराई तोंडावर आलेली. जोडणी करणारा मुलगा घाम पुसत म्हणाला, "चाचा, पासवर्डच काढून टाकतो. सगळ्यांना सगळं खुलं. कटकट खलास." आम्ही हो म्हणालो. पाच मिनिटांत काम चालू झाले आणि आम्ही त्याला शाबासकीही दिली.

दोन महिन्यांनी एका लग्नाची तारीख बदलली. उर्दू पत्रिकेत दुरुस्ती झाली, मुलीच्या वडिलांनी ती पाहून मंजूर केली. दुसऱ्या दिवशी पत्रिका छापून बाहेर आल्या, त्या जुन्या तारखेच्या. कोणीतरी जुनी प्रत दुरुस्त प्रतीवर चढवली होती. कोणी? पेटी सांगू शकत नव्हती. तिच्या दृष्टीने आत येणारा प्रत्येक जण 'गेस्ट' होता. संशय अर्थातच उर्दू काम करणाऱ्या तरुणावर गेला. तो बिचारा शपथ घेऊन सांगत राहिला, आम्ही ऐकले नाही, आणि तो काम सोडून गेला. पुढे काही दिवसांनी गल्ल्यावरचा संगणक साफ करताना ती जुनी प्रत आम्हाला तिथेच सापडली. पेटीत चढलेल्या फाईलची वेळ आणि तिची वेळ एकच. चूक आमच्याच टेबलावर झाली होती. पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापून दिल्या. त्या मुलाच्या घरी जाऊन माफीही मागितली. त्याने माफ केले, पण तो परत आला नाही.

कागदाचे नुकसान भरून निघाले. पासवर्ड काढून आम्ही जे दुसरे काही गमावले, ते आम्हाला उशिरा कळले. म्हणून आज या पानावर या विषयाची थोडी तपशिलाने चर्चा करावी असे वाटते.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सर्व्हर म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या हळद बाजारातील अडत दुकानात काट्यावर एक संगणक, मुनीमजींपुढे एक आणि शेठच्या गादीजवळ एक असतो. तिघांनाही तीच खतावणी उघडायची असते. ती ज्या एका संगणकावर किंवा पेटीत ठेवलेली असते, तो सर्व्हर. बाकीचे त्याच्या दारात येऊन नाव सांगतात, खूण सांगतात आणि आत जातात. नाव म्हणजे युजरनेम, खूण म्हणजे पासवर्ड. सर्व्हरजवळ एक नोंदवही असते. त्या वहीत ते नाव असेल आणि खूण जुळली, तरच दार उघडते. आमचे म्हणणे एवढेच आहे की पासवर्डच्या बहुतेक तक्रारी कुलपाच्या नसतात, या नोंदवहीच्या असतात. वही नीट लिहिली तर कुलूप काढावे लागत नाही.

दुखणे कोणते ते आधी ओळखा

"सर्व्हर लागत नाही" हे आपले नेहमीचे वाक्य. परंतु त्यात तीन वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

पहिले दुखणे, संगणकाला सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही. येथे पासवर्ड विचारलाही जात नाही. आपल्याकडे वीज जाणे-येणे नवे नाही. वीज परत आल्यावर राऊटर कधी कधी सर्व्हरला नवा पत्ता देतो आणि बाकीचे संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात. सर्व्हरला राऊटरमध्ये कायमचा पत्ता बांधून दिला की हे थांबते. दुसरे कारण असे की विंडोजने दुकानातले जाळे 'सार्वजनिक' समजून दार बंद केलेले असते. ते 'खाजगी' करावे लागते. केबल निघालेली असणे हे तिसरे कारण, आणि तेच सर्वांत अधिक वेळा खरे निघते.

दुसरे दुखणे, सर्व्हर सापडतो पण नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे असे सांगतो. हा खरा पासवर्डचा प्रश्न. त्याकडे आम्ही पुढे वळतो.

तिसरे दुखणे, सर्व्हर ओळखतो, पण परवानगी नाही म्हणतो. हे पासवर्डचे दुखणे नव्हेच. दुकानात प्रवेश मिळाला, पण गोदामाची किल्ली दिलेली नाही, असा त्याचा अर्थ. विंडोजमध्ये येथे दोन कुलपे एकापाठोपाठ एक असतात. एक वाटून दिलेल्या फोल्डरचे आणि दुसरे डिस्कवरचे. दोन्हींतले जे अधिक कडक, तेच लागू होते. एक उघडून दुसरे तसेच ठेवले तर पासवर्ड शंभर वेळा बदलूनही उपयोग नाही.

समोरची सूचना नीट वाचली, शक्य तर कागदावर उतरवून घेतली, तर अर्धे काम तेथेच होते. आपण मात्र सूचना न वाचताच ती बंद करतो आणि फोन लावतो.

पासवर्ड बरोबर असूनही

आता दुसऱ्या दुखण्याचा विचार करू. साध्या कारणापासून सुरुवात करावी.

ज्या संगणकावर मराठी टायपिंग होते, तेथे कळफलक मराठीवर राहून जातो. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे आपण काय टाइप करतो ते कळत नाही. तोच पासवर्ड आधी नावाच्या चौकटीत टाइप करून पाहावा आणि मग पुसून टाकावा. चूक लगेच डोळ्यांना दिसते. कॅप्स लॉकचेही तसेच.

दुसरे कारण पिनचे. आजचे विंडोज सुरू करताना आपण चार-सहा आकडी पिन देतो आणि तोच आपला पासवर्ड असे समजतो. तो तसा नाही. पिन फक्त त्या एका संगणकापुरता असतो. शेजारच्या संगणकावरून आत येण्यासाठी तो चालत नाही. ज्याने मायक्रोसॉफ्टचे ई-मेलचे खाते वापरून संगणक सुरू केला आहे, त्याला तेथे ई-मेल आणि त्या खात्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या संगणकावर कामासाठी वेगळे स्थानिक खाते उघडणे आणि त्याला पासवर्ड देणे.

तिसरे कारण, खात्याला पासवर्डच नसणे. विंडोज एक्सपीच्या काळापासून असा नियम आहे की ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने जाळ्यावरून आत येता येत नाही. त्या संगणकासमोर बसूनच ते वापरता येते. म्हणजे "पासवर्ड ठेवलाच नाही, तरी विचारतो कसा?" या प्रश्नाचे उत्तर हेच की ठेवला नाही म्हणूनच अडतो.

चौथे कारण जुन्या आठवणीचे. आपण सर्व्हरवरचा पासवर्ड बदलतो, पण बाकीच्या संगणकांनी जुना पासवर्ड आपल्याजवळ जपून ठेवलेला असतो आणि न विचारता तोच पुढे करीत राहतात. वारंवार चुकीची खूण गेली की नव्या विंडोजमध्ये खाते काही वेळ बंदच होते. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर नावाची जागा आहे. तेथे जाऊन सर्व्हरच्या नावाची जुनी नोंद खोडावी. सर्व्हर नावाने आणि आकडी पत्त्याने अशा दोन्ही प्रकारे जोडला असेल तर दोन नोंदी असतात. दोन्ही खोडाव्यात.

पाचवे, एकाच संगणकावरून एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी जाता येत नाही. सकाळी मुनीमजींच्या नावाने जोडलेला संगणक दुपारी शेठच्या नावाने जोडायला गेलात तर विंडोज नकार देतो. आधीची जोडणी तोडावी, किंवा सरळ संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

सहावे, नाव पूर्ण सांगावे. संगणक पुष्कळदा गृहीत धरतो की तुम्ही सांगितलेले नाव त्याच्या स्वतःच्या वहीतले आहे. म्हणून सर्व्हरचे नाव, त्यापुढे उलटी तिरपी रेघ आणि मग खात्याचे नाव, असे लिहिले की कोणाच्या वहीत पाहायचे ते स्पष्ट होते. डिस्कच्या काही पेट्या अनोळखी नावाला सरळ नाही म्हणत नाहीत, गेस्ट म्हणून ओसरीवर बसवतात. मग आतले फोल्डर उघडत नाही आणि आपण पासवर्डला दोष देत बसतो.

जुनी गाडी, नवे रूळ

सातवे कारण आमच्या छापखान्यातले. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विंडोजचे संगणक फायली वाटून घेण्यासाठी जी बोली वापरतात, तिला एसएमबी म्हणतात. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम लिहिला की युनिक्सच्या संगणकालाही या दारातून फायली देता याव्यात. पुढे त्याला नाव हवे होते. शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने असलेला शब्द त्याने शोधला आणि 'सांबा' सापडला. हा प्रोग्राम फुकट मिळतो. बाजारातील डिस्कच्या कित्येक पेट्यांच्या पोटात आजही तोच काम करतो.

सुरुवातीला विंडोजचा संगणक सांबाच्या दारात येऊन पासवर्ड उघड शब्दांत सांगत असे. तारेवर कान लावून बसलेल्या कोणालाही तो ऐकू जावा, अशी ती तऱ्हा होती. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने आणि पुढच्या वर्षी विंडोज ९८ ने ही पद्धत बंद केली. पासवर्ड उघड बोलायचा नाही, त्यापासून तयार केलेली सांकेतिक खूणच द्यायची, असे ठरले. एका रात्रीत जगभरच्या कचेऱ्यांत बरोबर पासवर्ड नाकारले जाऊ लागले. त्या वेळीही दोन इलाज समोर होते. पहिला, प्रत्येक विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्याला पुन्हा उघड बोलायला लावायचे. दुसरा, सांबाची स्वतंत्र नोंदवही तयार करून तीत प्रत्येकाची सांकेतिक खूण लिहायची. पहिला पाच मिनिटांचा, दुसरा दिवसभराचा. घाईत असलेल्यांनी पहिला केला. पण टिकला तो दुसरा. आजही लिनक्सवर सांबा चालवणाऱ्याला हे लक्षात ठेवावे लागते की लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत नाव घातले म्हणून दुसरीत आपोआप लिहिले जात नाही.

आमच्या एक्सपीची कथा याच जातीची. तो खूण देत होता, पण जुन्या पद्धतीची. सांबाने २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून ती जुनी खूण आपण होऊन घेणे थांबवले आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून जुनी बोली, म्हणजे एसएमबी १, बंद ठेवली. विंडोज १० नेही २०१७ च्या शरद ऋतूतील आवृत्तीपासून या बोलीची हकालपट्टी सुरू केली. हिंगोलीवरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता, आता ब्रॉडगेज आहे. मीटरगेजचा डबा कितीही धडधाकट असला तरी नव्या रुळांवर चढणार नाही. त्यात डब्याचा दोष नाही आणि रुळाचाही नाही. पण एका डब्यासाठी सगळा मार्ग पुन्हा अरुंद करा, असे कोणी म्हणेल काय? आम्ही नेमके तेच केले.

मग करायला काय हवे होते? एक्सपीला नव्या पद्धतीची खूण देता येते, ती त्याच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. पण त्याने खूण सुधारते, बोली जुनीच राहते. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद केली आहे. त्यामुळे चांगला मार्ग एकच होता. जुना संगणक जाळ्यातून काढून एकटा ठेवायचा, त्याच्या फायली तपासलेल्या पेन ड्राइव्हने न्यायच्या, आणि सवड होताच उर्दूचे काम नव्या विंडोजवर चालणाऱ्या इनपेजवर हलवायचे. आज आम्ही तेच केले आहे. खर्च एकदाच झाला.

उघड्या दारातून काय येते

काही बंधू म्हणतील, आमच्या दुकानात चोरण्यासारखे आहे काय? चार माणसे, तीही घरचीच. भावावर अविश्वास दाखवायचा काय?

आमच्या मते येथेच विचारात गफलत होते. हे कुलूप भावासाठी नाही. भावाच्या संगणकातून, त्याला न कळता जे आत येते, त्याच्यासाठी आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. तो शिरला होता याच जुन्या एसएमबी १ मधील फटीतून. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आला. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातही बसला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. ते टर्मिनल चालवणारा मर्स्क समूह जगातील बड्या जहाज कंपन्यांपैकी एक. त्या समूहाने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर असल्याचे सांगितले. हा प्रोग्राम फटीतून तर शिरतच होता, शिवाय एका संगणकाच्या स्मृतीत सापडलेले नाव आणि पासवर्ड घेऊन शेजारच्या संगणकाचे दार उघडत होता. म्हणजे सगळीकडे एकच मुख्य पासवर्ड ठेवणे हेदेखील कुलूप नसल्यासारखेच.

जेथे हजारो कंटेनर अडकले, तेथे आपल्या तीन संगणकांची काय कथा, असे नव्हे. बंदराला पुन्हा उभे राहण्यासाठी पैसा आणि माणसे होती. हळदीच्या हंगामात अडत दुकानाची खतावणी गेली, तर शेतकऱ्याची पट्टी कशावरून करणार? खरेदीदाराकडे उधारी किती, हे कोणाच्या तोंडी हिशेबावर ठरवणार? जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. विषाणूने खाल्ली, हे उत्तर तेथे पुरत नाही. आणि कारागिरांचे म्हणाल, तर शिलाईच्या मापांपासून दरवाजा-खिडक्यांच्या नकाशांपर्यंत सारे आता त्याच फोल्डरमध्ये असते. छापखान्यात आणि झेरॉक्सच्या दुकानात तर गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती पडलेल्या असतात. गिऱ्हाईक फाईल पाठवण्यासाठी वाय-फाय मागते, आपण देतो. फोल्डरला कुलूप नसेल तर तेवढ्या वेळात त्याच्या फोनलाही ते सारे कागद दिसू शकतात. दुसऱ्याची अमानत अशी चव्हाट्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गंमत अशी की कुलूप काढण्याचा इलाजही आता चालेनासा झाला आहे. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणक बिनपासवर्डाच्या गेस्ट सर्व्हरवर जायलाच नकार देतो. ज्यांनी कटकट नको म्हणून पासवर्ड काढला होता, त्यांच्या दारात आता नव्या संगणकाने कटकट आणून उभी केली आहे. त्यावरही काही जण संगणकाचाच पहारा ढिला करण्याचा सल्ला देतात. आमचे सांगणे आहे, तो घेऊ नका.

प्रत्येकाला त्याचे नाव द्या

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक माणसाला सर्व्हरवर स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड असावा. कारण फक्त चोराचे नाही. आमच्या छापखान्यातील तो तरुण निर्दोष होता, पण त्याच्याजवळ आपले निर्दोषत्व दाखवायला काहीच नव्हते, आणि ते आम्हीच काढून घेतले होते. सर्वांचे एकच नाव असले की चूक कोणाची ते कळत नाही, आणि मग ती सर्वांत गरिबाच्या, सर्वांत नव्या नोकराच्या माथी मारली जाते. वेगळे नाव मालकाचे जेवढे रक्षण करते, तेवढेच नोकराचेही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी व्यवस्था ठेवावीच लागते. आपली दुकाने बहुतेक त्या कायद्यात बसत नाहीत. पण त्यामागचा विचार आपल्याला परका नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि लिहिताना कोणावर अन्याय होऊ देऊ नका, ही ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे.

करायचे ते फार नाही. एका सुटीच्या दिवशी बसून प्रत्येकाचे खाते उघडा. कोणाला फक्त पाहता येईल आणि कोणाला लिहिता येईल, हे ठरवा. काट्यावरच्या मुलाला मागच्या वर्षाच्या खतावणीत लिहिण्याचे कारण नाही. हात न लागलेली फाईल बिघडत नाही, आणि त्याच्या संगणकात विषाणू शिरला तरी नुकसान पुष्कळदा तेवढ्यापुरतेच राहते. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मालकाने स्वतः ठेवावा. जोडणी करून देणाऱ्या मुलाच्या डायरीत तो एकट्याचा राहू नये. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला म्हणजे? आमच्या माहितीत अशा पेट्या आहेत, ज्यांचे मालक आज स्वतःच्या घरात भाडेकरू झाले आहेत. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून तो कागद पाकिटात बंद करून घरच्या तिजोरीत ठेवा. संगणकाच्या पडद्यावर चिकटवू नका. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करा. यात त्याचा अपमान नाही, पुढे काही घडले तर तोच सुटतो.

टॅली वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. संगणकाचा, सर्व्हरचा आणि टॅलीचा, हे तीन वेगळे पासवर्ड आहेत. पहिले दोन विसरले तर मार्ग निघतो. पण टॅलीच्या व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो हिशेब पुन्हा उघडत नाही. तो पासवर्ड पाकिटात पहिल्या क्रमांकाने लिहा.

आणि शेवटी, आठवड्यातून एकदा सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, व ती डिस्क काढून घरी न्या. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. आग लागली तर एकाच खोलीतल्या दोन्ही वह्या जळतात.

जोडणी करणाऱ्या आपल्या तरुणांनाही आमची विनंती आहे. ही मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि मालक डोक्यावर उभा राहून घाई करतो म्हणून ती आडवाट धरतात. तेव्हा दोष निम्मा मालकाचा. पाच मिनिटांच्या कामाचे पैसे आणि तासाभराच्या कामाचे पैसे आपण सारखेच मोजले, तर पाच मिनिटांचेच काम मिळेल. पासवर्डची अडचण आली तर "काढून टाक" म्हणू नका. "का नाही म्हणतो ते पाहा, आणि मला समजावून सांग," असे म्हणा. त्याला वेळ द्या, त्याचा मोबदला द्या.

आमच्या छापखान्यात आज तीन संगणकांवर तीन नावे आहेत. गल्ल्यावर आमचे स्वतःचे. पत्रिका बदलली की कोणी बदलली ते दिसते, आणि दोनदा तर ते नाव आमचेच निघाले.